आतलं कापड

मला कुणी "अगं, किती बारीक झालीस!" म्हटलं की मी हसत नाही. आभार तर मानतच नाही. "तपासून आलेय, सगळं ठीक आहे," असं तुटक उत्तर देते. समोरचीचं तोंड पडतं. मग सून मला आत नेऊन समजावते, की आई, लोक कौतुकाने म्हणतात, जरा गोड बोलावं. बोलावं, मान्य आहे. पण त्या एका वाक्याशी माझं जुनं वैर आहे. ते सुरू झालं मुलुंडच्या पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत. तिथे आमच्या बाई राहायच्या.

बाई म्हणजे शिवणक्लासच्या बाई. त्यांना नाव होतं, दारावरच्या पाटीवर रंगवलेलंही होतं, पण ते कुणी वापरत नसे. त्यांचे यजमानसुद्धा आम्हा मुलींना "ते बाईंना विचारा" असंच सांगायचे. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं, बाबांची गिरणी उघडायचं नाव घेत नव्हती आणि बारावीनंतर घरी बसून काय दिवे लावणार म्हणून आईने मला तिथे नेऊन बसवलं. पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव विचारलं नाही. नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा उतरता आहे तुझा. दप्तर त्या खांद्याला अडकवायचीस ना गो?" मी घरी जाऊन आरशात बघितलं. खांदा खरोखरच उतरता होता, आणि बारा वर्षं शाळाकॉलेजात घालवून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई जाड होत्या. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या स्वतःच कधी आडवळण घेत नसत. "माझ्या पोलक्याच्या मुंढ्याचं कटिंग करायला ब्राऊन पेपरचा अख्खा ताव लागतो," म्हणायच्या. गळ्यात मंगळसूत्र आणि टेप, दोन्ही कायम. भाजी आणायला जाताना टेप, मच्छीवालीशी भांडताना टेप, सत्यनारायणाच्या पूजेला शेजारी गेल्या तरी पदराखालून टेपचं पितळी टोक लोंबत असायचं. दर सोमवारी सकाळी क्लास सुरू व्हायच्या आत त्या दार लोटून स्वतःची कंबर मोजत. बाहेर येताना त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळे की आज काजं वाकडी झाली तर चालतील की नाही.

"टेप खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं त्याहून आवडतं: "आतलं कापड कापायचं नाही." पोलकं शिवताना दोन्ही बाजूंच्या शिवणीत त्या चांगलं बोटभर कापड जादा ठेवायला लावत. आमच्यातली एक मुलगी फॅशनच्या नादात म्हणाली, "बाई, आत फुगीर दिसतं ना ते." बाईंनी तिचं पोलकं उलटं करून सगळ्यांना दाखवलं. "माणूस काय लाकडाचं असतं? आज बारीक, उद्या जाड. बाळंतपण येतं, सुख येतं, आजार येतो. आत कापड असलं तर उसवून टीप सरकवता येते. कापून टाकलंस की संपलं."

त्यांची स्वतःची पोलकी आतून बघण्यासारखी होती. एकेका शिवणीला टिपांच्या तीन-चार रेघा. बाहेरची रेघ म्हणजे नेहमीच्या बाई. तिच्या आतली रेघ लिंबू-मधाच्या डाएटिंगची. तिच्याही आतली, जेमतेम वीतभर घालून सोडून दिलेली, ती कारल्याच्या रसाची. डाएटिंग सुरू केलं की बाई आठवड्याच्या आत पोलकी आत घेत, म्हणजे मग उत्साह टिकतो असं त्यांचं म्हणणं. उत्साह टिकायचा, पोलकंही टिकायचं, डाएटिंग टिकत नसे.

मी त्यांची किती डाएटिंगं बघितली ते सांगता येणार नाही. ती नेहमी संकष्टीला सुरू होत, कारण त्या दिवशी नाहीतरी उपासच असतो. पण रात्री चंद्र दिसला की मोदक. नुसत्या ताकावर राहायचं डाएटिंग होतं. त्यात ताकाबरोबर थालीपीठ कसं शिरलं हे बाईंनाही सांगता आलं नसतं. उकडलेल्या कोबीचं तर अख्ख्या घराला घडलं. काका, म्हणजे बाईंचे यजमान, भांडुपला रंगाच्या कारखान्यात होते. अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस, समोर ठेवलेला कोबी निमूट गिळायचे. फक्त त्या दिवसांत त्यांना कारखान्यातून यायला उशीर होऊ लागला. एक दिवस ते दारात चप्पल काढत होते, तेवढ्यात बाई मशीनवरूनच म्हणाल्या, "अहो, कॉलरवर लसणीची चटणी सांडलीय." काकांनी शर्ट काढून बादलीत टाकला आणि पँटच्या खिशातून कागदात गुंडाळलेला वडा काढून मशीनच्या फळीवर ठेवला. बाईंनी एकदा वड्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं. "थंड करून आणलात," एवढंच म्हणाल्या. ते डाएटिंग तिथे संपलं.

गावाहून डबा आला की मग बघायलाच नको. फणसपोळी, जत्रेचं गुळात घोळलेलं खाजं. "देवाच्या दारातलं आहे, ते अंगाला लागत नाही," म्हणत त्या आम्हाला वाटत आणि आमच्या बरोबरीने खात. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या. पण त्या हसण्याच्या खाली काय होतं ते मला हळूहळू कळलं, आणि ते कळायला सुरुवात झाली लोहचुंबकापासून.

क्लास सुटला की कुणाला घरी जायची परवानगी नसे. आधी चुंबक फिरवायचा. काकांनी कारखान्यातून आणलेला घोड्याच्या नालेसारखा जाड चुंबक होता, त्याला परकराची नाडी बांधलेली. रोज एकीची पाळी. दारापासून सुरू करायचं आणि फरशी न सोडता, मशीनच्या खालून, कपाटाच्या फटीतून, आतल्या उंबऱ्यापर्यंत ओढत न्यायचा. पडलेल्या टाचण्या, सुया, तुटके हुक त्याला येऊन चिकटायचे. नवी मुलगी असली की तिला गंमत वाटायची. मलाही वाटली होती. "कुत्र्याचं पिल्लू फिरवायला नेल्यासारखं वाटतं," असं मी म्हणाले, तर बाजूच्या मुलीने मला चिमटा काढला आणि डोळ्यांनी आतली खोली दाखवली.

आत बाईंची आई होती. कॉटवर बसलेली, बारीकशी, नऊवारीतली म्हातारी. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिला साखरेचा विकार होता, आणि साखरेच्या माणसाच्या तळव्यांना हळूहळू काही जाणवेनासं होतं. एकदा ती क्लासच्या खोलीतून चालत गेली, तळव्यात टाचणी रुतली, तिला कळलं नाही. बाईंना कळलं तोवर जखम काळी पडली होती. ती टाचणी बाईंच्या डबीतली होती. हे बाईंनी मला कधी सांगितलं नाही, म्हातारीनेच सांगितलं, आणि तेही तक्रार म्हणून नाही. मी पाणी द्यायला गेले की ती माझा हात धरायची. "चेडवा, पाय खाजता गो," म्हणायची. मी उजवा पाय खाजवायला गेले की मान हलवायची. "तो न्हय. नसलेलो."

रोज सकाळी बाई स्वयंपाकघरात स्पिरिटचा दिवा पेटवून काचेच्या नळीत निळं औषध घेत, त्यात आईच्या लघवीचे थेंब टाकून उकळत. तेव्हा घरी साखर बघायची हीच रीत होती. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत गेला तर तेवढी जास्त. अगदी वाईट म्हणजे विटकरी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बाईंना सांगून ठेवलं होतं, "आईची साखर तुमच्याकडे यायची दाट शक्यता आहे. टाळायची असेल तर वजन उतरवा." डॉक्टर भला माणूस होता, चूक काही बोलला नाही. पण ते एक वाक्य बाईंनी उरात धरलं. लिंबू-मध, ताक, कोबी, सगळ्याच्या मागे ते वाक्य आणि आतल्या खोलीतला तो पाय होता. बाईंना नटायचं नव्हतं. त्यांना आपले दोन पाय शाबूत हवे होते.

म्हातारी गेली. पण नळी आणि दिवा राहिला. बाई आता अधूनमधून स्वतःचा रंग बघू लागल्या. बाहेर आम्ही कटिंग करत असताना आतून स्पिरिटचा वास आला की आमच्या कात्र्या थांबायच्या. थोड्या वेळाने बाई पदराला हात पुसत यायच्या. "निळा," एवढंच सांगायच्या आणि त्या आनंदात डबा उघडून सगळ्यांना खाजं वाटायच्या. आज खाजं समोर आलं की मी ताटली पुढे सरकवते, पण तेव्हा आम्हीही आनंदानेच खाल्लं.

मग एका पावसाळ्यानंतर बाई बारीक होऊ लागल्या.

त्या वेळी त्यांचं कसलं डाएटिंग चालू होतं ते मला आठवतसुद्धा नाही, इतकं ते साधं होतं. बहुधा रात्री भात बंद. दिवाळीत तेही मोडलं. चकल्या झाल्या, करंज्या झाल्या. सोमवारी बाई टेप घेऊन आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. "उतरलं," म्हणाल्या. पुढच्या सोमवारी आणखी. त्या जेवत होत्या, नेहमीपेक्षा चार घास जास्तच जेवत होत्या, आणि वजन उतरत होतं. "शरीराला आता वळण लागलं," हा त्यांचा निष्कर्ष. गालांवर खळ्या दिसू लागल्या. पोलक्यांची शेवटची टीपही सैल झाली आणि तिच्या आत नवी रेघ आली.

तहानही फार लागायची. मशीनशेजारी आधी पेला होता, मग तांब्या आला, मग माठच उचलून क्लासच्या खोलीत ठेवला. बाई दर थोड्या वेळाने पाणी पीत आणि दर थोड्या वेळाने आत जाऊन येत. "पाण्याने चरबी धुऊन जाते," असं त्यांनी जाहीर केलं. त्या आजाराचं लक्षण त्यांनी औषध समजून घेतलं आणि आम्हालाही पाजलं. सोसायटीतल्या बायका, पश्चिमेकडच्या ओळखीच्या गुजराती बायका, फॉल लावायच्या निमित्ताने येऊ लागल्या आणि तांब्याने पाणी पिऊन जाऊ लागल्या. क्लासला कधी नव्हती तेवढी गर्दी झाली. त्या गर्दीत चुंबक फिरवायला जागा उरत नसे. हळूहळू तो खुंटीवरच राहू लागला.

"बाई, किती बारीक झालात हो!" हे वाक्य तेव्हा दिवसातून दहा वेळा त्या खोलीत बोललं जायचं. बाई लाजायच्या. मी त्यांना त्याआधी कधी लाजताना बघितलं नव्हतं.

एकदा मी विचारलं, "बाई, हल्ली रंग बघत नाही तुम्ही?" त्यांनी नळी आणि दिवा पिशवीत बांधून माळ्यावर टाकला होता. "कशाला गो? आता काही एक होणार नाही. बारीक माणसाला कुठली साखर?" आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मलाही ते पटलं. का पटू नये? डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. वजन उतरलं होतं.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंनी जांभळं पोलकं घातलं होतं, अगदी अंगाबरोबर बसणारं. तिळगूळ वाटून झाला, वाण देऊन झालं. मग काय मनात आलं कोण जाणे, बाईंनी ट्रंकेतून आपली सगळी पोलकी काढली. मोठी कात्री घेतली आणि बायकांच्या समोर एकेक पोलकं उलटं करून शिवणीतलं जादा कापड कापायला सुरुवात केली. जुन्या टिपांच्या रेघांसकट कापडाच्या पट्ट्या खाली पडत होत्या. बायका हसत होत्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "झकास बाई! आता मागे फिरायचं नाही." मी म्हटलं, "बाई, आतलं कापड कापायचं नाही ना?" त्यांनी मान वर केली. डोळे भरले होते. "ज्याला परत जाड व्हायची भीती असते त्याने ठेवायचं," त्या म्हणाल्या. "माझी भीती संपली."

सगळं आवरून झाल्यावर बाईंनी अंगातलं जांभळंही बदललं आणि त्याचंही आतलं कापड कापून टाकलं. त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो. कुणाचंही काही वाईट मनात नव्हतं, म्हणून तर जास्त येतो. टेप खोटं बोलला नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्याचं म्हणणं आपल्याला हवं तसं ऐकलं.

होळीच्या आसपासची दुपार होती. आम्ही खाली बसून बाह्या कापत होतो आणि बाई आमच्यामधून फिरत होत्या. मला फरशीवर एक लाल ठिपका दिसला. पलीकडच्या फरशीवर आणखी एक. "कुणाला कात्री लागली गं?" मी विचारलं. सगळ्यांनी आपापली बोटं बघितली. कुणाला काही नव्हतं. बाई वळल्या, दोन पावलं चालल्या आणि त्यांच्या मागे आणखी एक ठिपका उमटला.

"बाई, तुमचा पाय."

"काय झालं पायाला?" म्हणत त्यांनी मशीनला धरून तळवा वळवून बघितला. टाचेत टाचणी होती, डोक्यापर्यंत रुतलेली. बाईंनी ती चिमटीत धरून ओढली. तोंडातून "स्स" सुद्धा निघालं नाही. त्या टाचणीकडे बघत राहिल्या. "माका कळलाच नाय," असं हळूच म्हणाल्या. क्लासमध्ये त्या आमच्याशी कधी असं गावचं बोलत नसत, एखाद्या "गो"पलीकडे.

मग त्यांनी मला माळ्यावरची पिशवी काढायला सांगितली. दिवा त्यांनीच पेटवला. आम्ही मुली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो, बाईंनी हाकललं नाही. नळीतला निळा रंग उकळी येताच हिरवा झाला, पिवळा झाला, कुठे थांबला नाही. बाईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली.

"आवशीचो रंग इलो गो," त्या म्हणाल्या. आईच्या नळीत चढायचा तोच विटकरी.

पुढचं थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. जखम आईच्याच वाटेने गेली. बाईंना हॉस्पिटलात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर बरीच आधीपासून असणार, निळ्या रंगाला ती फार वाढल्याशिवाय कळत नाही, आणि हे जे वजन उतरलं ते साखरेनेच उतरलं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि शरीराला अन्न लागू लागलं. गालांवरच्या खळ्या भरल्या. नर्स खूश झाली.

"बघ, परत सुटले," बाई मला म्हणाल्या.

"चांगलं लक्षण आहे बाई. डॉक्टरच म्हणाले."

त्यांनी गालावरून बोट फिरवलं. "एवढी वर्षं जे वाईट होतं ते आता चांगलं. मग मी उपास कशासाठी केले गो?"

मी त्यांची उशी सारखी केली.

थोड्या वेळाने त्यांना हॉस्पिटलातल्या ढगळ कपड्यांचा वैताग आला. "माझं जांभळं पोलकं घेऊन ये. सैल करून आण."

"कशाने सैल करू? आत काही ठेवलंय का तुम्ही?"

बाई हसल्या. आजारपणात तेवढंच एकदा. "मी बाई आहे, मी कापलं तर चालतं. तू कापू नकोस."

मी ते पोलकं आणलं, दोन्ही काखांत जोड दिले. जांभळ्याला जुळणारा तुकडा कुठे मिळेना, म्हणून माझ्या परकराच्या हिरव्या कापडाचे दिले. बाईंनी घालून बघितलं, हात वर केला, माझी हातशिलाई तपासली आणि टाका मोठा पडलाय म्हणाल्या. घरी सोडायचं ठरलं होतं, त्याच्या आत ताप चढला, विष अंगभर पसरलं आणि बाई हॉस्पिटलातच गेल्या. त्या हिरव्या जोडांच्या पोलक्यातच गेल्या.

पण मला आठवते ती त्याआधीची संध्याकाळ, मी पोलकं न्यायला त्यांच्या घरी गेले तेव्हाची. दार उघडंच होतं. मशिनींवर चादरी घातलेल्या. काका कारखान्याच्या कपड्यांतच गुडघ्यांवर बसून फरशीवर चुंबक ओढत होते. कपाटाच्या फटीत हात घालून, मशीनच्या पायडलखाली डोकं घालून, एक फरशी सोडत नव्हते.

"काका, क्लास तर बंदच आहे ना," मी म्हटलं.

"पुढच्या आठवड्यात घरी सोडतील म्हणतात," ते म्हणाले. आतल्या उंबऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी चुंबक उलटा करून बघितला. त्याला काही चिकटलेलं नव्हतं. "आता एकच पाय आहे तिला."

चुंबक शर्टाला पुसून ते उठले, दारापाशी गेले आणि पुन्हा पहिल्या फरशीपासून सुरुवात केली.